खांदा आपल्या आधी सावरतो



रोवणीचे दिवस आहेत. सगळ्यांचेच हात दिवसभर चिखलात आणि पऱ्ह्यांच्या पेंढ्यांत आहेत. मागच्या महिन्यात आम्ही कंबरेवर बोललो होतो, तर पुढच्याच बैठकीत एकीनं आम्हाला अडवलं, "कंबरेचं झालं जी, खांद्याचं कोण सांगणार?" म्हणून आज खांदा. पण दुखण्यापासून सुरुवात करत नाही. आधी एक गंमत करून पाहा. घरात दुसरं कोणी असेल तर हाक मारा.

एक हात खांद्याएवढा वर, समोर सरळ धरा. तळवा वरच्या बाजूला. त्यावर रिकामा कटोरा ठेवा आणि डोळे मिटा. आता जाऊबाईंनी किंवा पोरीनं न सांगता त्यात एक मोठा कांदा टाकायचा. काय होतं? हात थोडा खाली जातो आणि लगेच आपोआप वर येतो. "पडला गं!" असं तुमच्या तोंडून निघायच्या आत हात सावरलेला असतो.

आता दुसरी बाजू करून पाहा. डोळे मिटलेलेच ठेवा, पण या वेळी तोच कांदा तुम्हीच दुसऱ्या हातानं कटोऱ्यात टाका. हात फारसा हलतच नाही. कांदा तोच आणि हातही तोच, मग फरक कुठून आला? आजचं सगळं बोलणं या एका फरकावर आहे.

आपल्या स्नायूंच्या आत, मांसाच्या तंतूंमध्ये, फार बारीक चात्या बसवलेल्या आहेत. सूत काततात ती चाती आठवा, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. तशाच आकाराच्या, पण काही मिलिमीटर लांबीच्या. स्नायू ताणला गेला की चाती ताणली जाते आणि तिच्यातली नस निरोप धाडते. हा निरोप मानेच्या मणक्यांतून गेलेल्या मेरुरज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच उलट हुकूम येतो की आवळ. डोक्याला विचारायला कोणी जात नाही. गावातलं भांडण पोलीस पाटलानं चावडीवरच मिटवावं, तालुक्याला जाऊच नये, तसं. पोरांच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. ताणामुळे होते म्हणून ही ताण प्रतिक्षिप्त क्रिया. डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय उडतो, तीही हीच.

वेळ किती लागतो? एका सेकंदाचे हजार भाग केले, तर हाताच्या स्नायूंमध्ये हे पहिलं उत्तर साधारण 25 ते 50 भागांत येतं. पापणी एकदा लवायला लागतो त्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यामागून दुसरं उत्तर येतं, 50 ते 100 भागांच्या दरम्यान. ते मात्र मेंदूपर्यंत जाऊन आलेलं असतं, म्हणून थोडं शहाणं असतं. आणि आपण ठरवून हात हलवतो त्याला याहून जास्त, दीडशे-दोनशे भाग लागतात. म्हणजे विचार करून केलेलं काम सगळ्यात शेवटी पोचतं.

खांद्याला ही चाती इतकी का लागते, ते त्याच्या रचनेत आहे. मांडीचा सांधा उखळात मुसळ बसावं तसा खोल बसलेला असतो. खांद्याची वाटी उथळ. आठ मार्चला आपण लिंबू-चमच्याची शर्यत लावतो ना, खांदा म्हणजे तो चमचा आणि लिंबू. म्हणून तर हात डोक्यावर जातो, पाठीमागं जातो, झाडाच्या फांदीला पोचतो, गोल फिरतो. एवढी मोकळीक दुसऱ्या कुठल्याच सांध्याला नाही. त्या मोकळिकीची किंमत अशी की लिंबू जागेवर ठेवायचं काम हाडाचं कमी आणि आजूबाजूच्या स्नायूंचं जास्त. गोळ्याला चारही बाजूंनी कवटाळून धरणारे चार लहान स्नायू आहेत. वरून दिसत नाहीत, पण रात्रंदिवस राखण तेच करतात.

आता आमच्या चुकीचं सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, तरी.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच गटातल्या एकीची मुलगी शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळत होती. दहावीत होती तेव्हा. चढाईला गेली, परत फिरताना एकीनं कंबर धरली आणि दुसरीनं हात. हात वर आणि मागं ओढला गेला. पोर ओरडली आणि खाली बसली. खांद्याचा गोलपणा गेलेला, हात लटकलेला. कोणीतरी शेजारच्या गावातून हाड बसवणाऱ्याला आणलं. आम्ही चौघींनी तिला धरून ठेवलं आणि त्यानं ओढलं. बसलं खरं, पण तिची बोटं आठवडाभर बधिर होती. नंतर दवाखान्यात फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला शांतपणे विचारलं, "धरलं कोणी होतं?" आम्ही खाली बघत होतो. निखळलेला खांदा एक्स-रे न काढता ओढला, तर जवळून जाणारी नस किंवा रक्तवाहिनी दुखावते, आणि हाडाला चीर असेल तर ती मोठी होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तेव्हा करायचं होतं ते इतकंच: ओढणीची झोळी करून हात अंगाशी बांधायचा, बोटांना मुंग्या आहेत का, बोटं गार पडली का ते बघायचं आणि दवाखाना गाठायचा.

चार महिन्यांनी तो खांदा पुन्हा निखळला. या वेळी कबड्डी नव्हती, माळ्यावरचं अंथरूण काढत होती. कमी वयात खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळायची भीती मोठी असते, तसंच झालं. आई म्हणाली, "बस झाला खेळ. उद्या हिचं लग्न कराचं आहे." आम्हाला तिच्याशी भांडता येईना. तिचं चुकलं असंही वाटेना.

पण एक प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. खांद्यात जर एवढी चपळ चाती आहे, तर तिनं या पोरीला का वाचवलं नाही?

उत्तर असं आहे की ती उशिरा पोचली. हात जोरानं मागं ओढला जातो तेव्हा गोळा वाटीबाहेर यायला फारच थोडा वेळ लागतो. तेवढ्यात निरोप गेला, हुकूम आला, तरी स्नायूत जोर भरायलाही वेळ लागतो. स्नायू आधीपासून ढिला असेल, तर आवळ म्हटलं तरी आवळेपर्यंत लिंबू पडलेलं असतं. स्नायू आधीच थोडा ताठ, तयार असेल, तर त्याच झटक्याला तो मोठं उत्तर देतो. कांद्याची गंमत इथं आठवा. स्वतः कांदा टाकला तेव्हा हाताला आधीच ठाऊक होतं, म्हणून तो तयार होता. भरलेला समजून रिकामा गुंड उचलला की हात कसा वर उडतो! तोही हाच खेळ, फक्त उलटा. तयारी जास्त झाली.

खेळाडू वेगळे कुठं असतात, ते इथं.

डिसेंबर 2023 च्या शेवटी बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात 19 वर्षांखालच्या मुलामुलींच्या राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. देशभरातली पोरं आली होती. आम्ही गाडी करून गेलो. खरं सांगायचं तर आम्ही धावणं बघायला गेलो होतो, पण बसलो भालाफेकीजवळ. स्पर्धेआधी एक मुलगी कठड्याला रबरी पट्टा बांधून, कोपर अंगाशी धरून हात आत-बाहेर करत होती. सावकाश, पुन्हा पुन्हा. आमच्यातली एक म्हणाली, "ही भाला कधी फेकणार? पट्टाच ओढून राहिली." नंतर उमगलं की ती त्या चार राखणदारांना जागं करत होती.

भाला फेकताना शेवटच्या पावलाला छाती पुढं जाते आणि हात मागं राहतो. खांद्यापुढचे स्नायू रबरासारखे ताणले जातात आणि त्या ताणातूनच हात पुढं उसळतो. त्यात रबराचा भाग किती, आधीपासून सज्ज ठेवलेल्या स्नायूंचा किती आणि चातीच्या हुकमाचा किती, यावर जाणकारांचा अजून वाद आहे. तो त्यांचा त्यांना मिटवू दे. आपल्या कामाची गोष्ट फेकीच्या नंतरची आहे. मुलींचा भाला पाऊण किलोचाही नसतो, तो सुटून जातो, पण हात तसाच वेगानं पुढं जात असतो. त्याला कोणीतरी थांबवावं लागतं, आणि ते काम खांद्याच्या मागचे स्नायू करतात, ताणले जात जात. ज्वारीवर पाखरं राखायला माचावरून गोफण फिरवलेल्या बायांना हे ठाऊक आहे. दगड सुटल्यावर खांदा मागून ओढतो. फेकायचा जोर सगळेच वाढवतात, थांबवायचा जोर वाढवायचं बहुतेक विसरतात, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं.

तिरंदाजाच्या खांद्याचं काम याच्या उलट, त्याला हलायचंच नसतं. साताऱ्याची आदिती स्वामी ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, वयाच्या 17 व्या वर्षी. अंतिम फेरीत 150 पैकी 149 गुण. 50 मीटरवरून बाण मारायचा आणि दहा गुणांचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. त्याच स्पर्धेत आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेनं 150 पैकी 150 मारले. आपल्याकडं भामरागड-एटापल्लीच्या घरांत तिरकामठा भिंतीला टांगलेला असतो, तेव्हा धनुष्य ताणून थांबणं म्हणजे काय हे सांगायला नको. ताणून धरलेला हात थरथरतो, सेकंदाला आठ-दहा-बारा वेळा. त्या थरथरीतही आपल्या चातीचा वाटा असतो. ताणला, आवळ, जास्त आवळला, सोड, पुन्हा ताणला. स्नायू दमला की थरथर वाढते. खेळाडू ती पुरती घालवू शकत नाही, पण वर्षानुवर्षांच्या सरावानं ती इतकी लहान होते की बाण बशीच्या बाहेर जात नाही.

मग ही चाती शिकवता येते का? येते, आणि हे माहीत होऊन बरीच वर्षं झाली. 1956 मध्ये हॅमंड नावाच्या इंग्रज संशोधकानं माणसांचा हात अचानक ओढून पाहिला. आधी सांगितलं, "ओढलं की विरोध करा." मग सांगितलं, "ओढलं की सोडून द्या." झटका तोच, पण मी मघाशी म्हटलं ते दुसरं, शहाणं उत्तर दोन्ही वेळा वेगळं आलं. झटक्यानंतर विचार करायला वेळच नव्हता. जे ठरलं ते झटक्याच्या आधी ठरलेलं होतं. पुढं 1983 मध्ये अमेरिकेत वोल्पॉ यांनी माकडांच्या दंडावर काम केलं. चातीचं उत्तर मोठं आलं तर बक्षीस, दुसऱ्या गटात लहान आलं तर बक्षीस. काही आठवड्यांत पहिलं उत्तरही, जे मेंदूला विचारतसुद्धा नाही, हळूहळू बदललं. डेन्मार्कमधल्या बॅले नर्तकांच्या पोटऱ्यांत तर हे उत्तर इतर खेळाडूंपेक्षा लहान सापडलं. त्यांना टाचा उचलून तोल सांभाळायचा असतो, तिथं दर हालचालीला पोटरी उसळून चालत नाही. म्हणजे उत्तर मोठं असलं की चांगलं, असंही नाही. ज्याचं जे काम, तसा सराव त्याच्या स्नायूला घडवतो. शिकायला मात्र आठवडे लागतात, दोन दिवसांत काही होत नाही.

खेळाडूंना याचा उपयोग किती, हे नॉर्वेमध्ये मोजलं गेलं. तिथं हँडबॉलचे 45 संघ घेतले, 660 खेळाडू. निम्म्या संघांनी आठवड्यातून तीनदा, सरावाआधी दहा मिनिटं खांद्याचे ठरावीक व्यायाम केले, बाकीच्यांनी नेहमीसारखंच खेळायचं. 2017 मध्ये निकाल छापला. व्यायाम करणाऱ्यांत खांद्याच्या तक्रारींचा धोका 28 टक्क्यांनी कमी. सगळं थांबलं नाही, पण दहा मिनिटांच्या मानानं आम्हाला हे फार वाटलं.

आता आपल्या पोरींसाठी. रबरी पट्टा विकत घ्यायची गरज नाही. सायकलची जुनी ट्यूब कापा, खांबाला कमरेएवढ्या उंचीवर बांधा. कोपर अंगाशी, मध्ये घडी केलेला रुमाल दाबून धरा, म्हणजे कोपर सुटलं की रुमाल पडतो आणि चोरी कळते. हात बाहेर न्यायचा मोजून दोन आकड्यांत आणि परत आणायचा चार आकड्यांत. परत येतानाचं हळू येणंच महत्त्वाचं, कारण थांबवायचं काम तिथं शिकलं जातं. दहा-पंधरा वेळा, दोन-तीन फेऱ्या. भिंतीला तळवे टेकवून दंड मारायचे, ते जमले की जमिनीवर गुडघे टेकून.

चातीची खरी शिकवणी याच्या पुढची. पोरीनं हातापायांवर, म्हणजे घोड्यासारखं व्हायचं, डोळे मिटायचे. मैत्रिणीनं तिच्या खांद्याला हलक्या टिचक्या मारायच्या, कधी इकडून, कधी तिकडून, न सांगता. हिनं हलायचं नाही. काही आठवड्यांनी उभं राहून, हात समोर धरून तेच. जोर हळूहळू वाढवायचा. सुरुवातीलाच धक्के मारायचे नाहीत, आणि ज्या पोरीचा खांदा निखळलेला आहे तिनं हे डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय मुळीच करायचं नाही.

आणखी एक. खेळाआधी हात झटके देऊन ताणायची मैदानावर सवय असते. "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत एक पोर दुसरीचा हात मागं ओढते. झटक्यानं ताणलं की चाती उलट आवळायचाच हुकूम देते. म्हणजे तुम्ही ताणता आणि स्नायू आवळतो, दोघांची ओढाताण. ताणायचंच असेल तर अंग गरम झाल्यावर, सावकाश, वीस-तीस आकडे मोजत. कोणी कोणाचा हात ओढायचा नाही.

आपलं, मोठ्या बायांचंही यातच आलं. दमलेल्या स्नायूला आपला हात कुठं आहे याचा अंदाज नीट राहत नाही. दिवसभर रोवणी करून वरून मोळी घेऊन येताना, तेंदूच्या दिवसांत पहाटेपासून फांद्या ओढून पुडके डोक्यावर घेऊन फळीवर येताना, बांधावरून पाय घसरला की डोक्यावरचं ओझं धरायला हात वर झटकतो. ओझं वाचवू नका, सोडून द्या. हॅमंडची गोष्ट आठवते ना, आधी ठरवलेलं असेल तर हात ऐकतो. घरून निघतानाच ठरवा की पडलं तर पडू देऊ. भरलेला गुंड विहिरीवरून उचलताना एक क्षण थांबून दंड ताठ करा, मग उचला. ड्रम दोघींनी उचलायचा तर "उचल" एकीनंच म्हणायचं. न सांगता एकीनं सोडलं की दुसरीचा खांदा जातो.

सगळंच खांद्याचं दुखणं मात्र चातीचं किंवा स्नायूचं नसतं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. सिकलसेलच्या रुग्णात खांद्याच्या गोळ्याला जाणारं रक्त अडतं आणि हाड आतून खराब होतं. अशा पोरीचा खांदा आठवडेच्या आठवडे दुखत असेल, रात्री झोपू देत नसेल, तर तिला ट्यूब ओढायला लावू नका, दवाखान्यात न्या आणि सिकलसेल असल्याचं आधी सांगा. साखरेचा आजार असलेल्या बायांचा खांदा हळूहळू आखडत जातो, वेणी घालायलाही हात जात नाही. त्याचा इलाज वेगळा, पुढं कधीतरी बोलू.

आमच्या त्या मुलीनं दुसऱ्यांदा निखळल्यावर सहा महिने ट्यूब ओढली. आधी दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाखवलं, मग घरी. पहिले दोन महिने काहीच फरक दिसत नव्हता, तेव्हा दोनदा तिनं सोडलं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे की तिसऱ्यांदा निखळला तर ऑपरेशनचा विचार करावा लागेल. आता ती बारावीला आहे. तालुक्याच्या स्पर्धेला तिचं नाव द्यायचं की नाही, हे घरात अजून ठरलेलं नाही. आई म्हणते, आधी डॉक्टर खांदा बघू देत, मग बघू. परवा संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात गेलो, तर पोर डोळे मिटून, हात समोर धरून उभी होती आणि आई स्वतः तिच्या हाताला टिचक्या मारत होती. एक डावीकडून, दोन उजवीकडून, न सांगता.